रीमा लागूंचं वय मोजणं आता थांबवूया

मे महिना आला, १८ तारीख, म्हणजे त्या गेल्या तो दिवस, जवळ आली की अभिनेत्री रीमा लागूंचे फोटो फिरायला लागतात आणि फोटोखाली तीच वजाबाकी असते. रीमाचा जन्म १९५८चा, सलमानचा १९६५चा, म्हणजे फक्त सात वर्षांचा फरक, तरी 'मैंने प्यार किया'त तिला त्याची आई केलं, बघा किती अन्याय, बाईचं टॅलेंट वाया घालवलं. मग खाली दुसरी पार्टी येते, की वाया कसलं, हिंदी सिनेमाची सगळ्यात लाडकी आई होती ती, प्रेमळ, संस्कारी, घराघरात पोचली, अजून काय पाहिजे. मग दोन दिवस भांडण. मी गेली काही वर्षं हे वाचतोय आणि दर वर्षी जास्त त्रास होतो, कारण दोन्ही बाजूंना या बाईबद्दल खरंच प्रेम आहे पण दोघंही चार हिंदी पिक्चरच्या पलीकडे बघत नाहीत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. एकतिसाव्या वर्षी आईचा रोल करणं हा अन्याय नव्हता, तो अभिनय होता. अन्याय होता तो गोष्ट कुणाची असायची याच्यात. आणि वाया गेली म्हणणारे लोक ज्या दोन ठिकाणी तिचं सगळ्यात मोठं काम झालं, म्हणजे मराठी रंगभूमी आणि टीव्ही, ती दोन्ही ठिकाणं हिशोबातच धरत नाहीत.

आधी त्या वजाबाकीचंच बघू, कारण ती खोटी नाहीये, उलट जास्तच वाईट आहे. 'कयामत से कयामत तक' १९८८ला आला तेव्हा रीमा अजून तिशीच्या आत होत्या आणि जुही चावलाची आई झाल्या. 'मैंने प्यार किया' डिसेंबर १९८९चा, तेव्हा त्या ३१ वर्षांच्या, सलमान नुकताच २४चा झालेला. 'गुमराह'मध्ये श्रीदेवीची आई, श्रीदेवी पाच वर्षांनी लहान. आणि 'वास्तव'मध्ये संजय दत्त, त्याच्यात आणि त्यांच्यात फरक एका वर्षाचा. पण हे रीमापासून सुरू झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा मागे जावं. आपल्या सुलोचनादीदी १९२८च्या, देव आनंद १९२३चा, आणि १९७०च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये सुलोचनादीदी देव आनंदची आई आहेत. प्राणचीही. म्हणजे दोन्ही मुलगे आईपेक्षा वयाने मोठे! राखी १९७६ला 'कभी कभी'मध्ये अमिताभची प्रेयसी होती आणि सहा वर्षांनी 'शक्ती'मध्ये त्याचीच आई, अमिताभ तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असताना. मग वजाबाकीच करायची तर रीमाची केस या रांगेत सगळ्यात सौम्य निघते.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो मला पूर्ण मान्य आहे. ते म्हणतात की बाबा, प्रश्न एका रोलचा नाही, त्यानंतर काय झालं त्याचा आहे. एकदा आई केली की फोन फक्त आईसाठीच येतो. सलमान १९८९ला हिरो होता, १९९९ला होता, २०१७ला रीमा गेल्या तेव्हाही होता, आणि रीमा १९८९ला आई होत्या त्या हिंदी सिनेमात शेवटपर्यंत आईच राहिल्या. पुरुषाला हिरो म्हणून चाळीस वर्षं मिळतात, बाईला दहा-बारा मिळाली तरी नशीब, आणि कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणून एकदा शिक्का बसला की तेवढीही नाही. हे खरं आहे. हेही खरं की निवड तिचीच होती ना असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण समोर ताटात एकच पदार्थ ठेवून निवड तुझी म्हणणं याला निवड म्हणत नाहीत. घर चालवायचंय, मुलगी वाढवायचीय, नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती मिळते आणि हिंदी पिक्चरचे किती मिळतात हे नाटकवाल्यांना विचारा. तेव्हा इंडस्ट्री बायकांच्या वयाशी क्रूर वागते याबद्दल माझा कुणाशी वाद नाही.

वाद इथे आहे की तुम्ही बोट चुकीच्या जागी ठेवताय. एक उदाहरण घ्या. 'सारांश' १९८४चा. अनुपम खेर तेव्हा २८-२९ वर्षांचा, आणि रोल कुणाचा, तर बी. व्ही. प्रधान, रिटायर झालेला हेडमास्तर, तरुण मुलगा परदेशात मारला गेलेला म्हातारा बाप. याच्याबद्दल आपण आजवर काय म्हणत आलोय? बिचाऱ्याला तरुणपणी म्हातारा केला, टॅलेंट वाया घालवलं, असं कुणी म्हटलं का? नाही. आपण म्हणतो बघा काय ताकदीचा नट, अठ्ठावीसाव्या वर्षी म्हातारा उभा केला. त्याला बेस्ट ॲक्टरचं फिल्मफेअर मिळालं. मग तेच रीमाने तिशीत केलं तर ते पराक्रम का नाही, ते दुर्दैव का? स्वतःच्या वयापेक्षा वीस वर्षं मोठं दिसणं, चालणं, मुलाकडे आईच्या नजरेने बघणं, आणि तेही केस पांढरे न करता, काठी न घेता, ही सोपी गोष्ट आहे का? वय लपवायला त्यांच्याकडे मेकअपही फारसा नसायचा हो, साडी, कुंकू आणि आवाज एवढ्यावर सगळं. पुरुषाने वय ओलांडलं की ती कला आणि बाईने ओलांडलं की तो तोटा, असं मानण्यामागे काय आहे? हेच ना, की बाईचं तरुण दिसणं हेच तिचं भांडवल, ते संपलं की ती संपली. म्हणजे ज्या विचाराविरुद्ध तुम्ही ओरडताय तोच विचार तुमच्या वजाबाकीत बसलाय. आणि त्याच 'सारांश'मध्ये रोहिणी हट्टंगडीही होत्या, त्याही तेव्हा तरुणच, त्यांनी पार्वती काय केलीय, तरी त्यांच्या वयाची गोष्ट अनुपमच्या निम्म्यानेही कुणी सांगत नाही. का सांगत नाही? कारण पिक्चर प्रधान मास्तरांचा होता.

मला जे म्हणायचंय ते इथूनच पुढे. वय नाही, गोष्ट कुणाची हे बघा. १९५७, 'मदर इंडिया'. नर्गिसचा जन्म १ जून १९२९चा आणि तिच्या मुलाचा, बिरजूचा, रोल करणाऱ्या सुनील दत्तचा जन्म ६ जून १९२९चा. पाच दिवसांचा फरक! पाच दिवसांनी मोठी आई! पुढच्याच वर्षी दोघांनी लग्नही केलं. आता सांगा, नर्गिसचं टॅलेंट 'मदर इंडिया'ने वाया घालवलं असं म्हणणारा एक तरी माणूस तुम्हाला भेटलाय का? उलट तिचं नाव काढलं की पहिला तोच पिक्चर आठवतो, २८व्या वर्षी म्हातारी राधा केली म्हणून. कारण तो पिक्चर राधाचा होता, नांगर तिच्या खांद्यावर होता, शेवटी बंदूक तिच्या हातात होती आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता. आता बेचाळीस वर्षं पुढे या. १९९९, 'वास्तव'. त्याच नर्गिस आणि सुनील दत्तचा मुलगा संजय दत्त रघू झालाय, आणि त्याची आई शांता म्हणजे रीमा लागू, आणि शेवटी ती आईसुद्धा पोटच्या पोराला गोळी घालते. तीच कृती. एका बाईने करायची सगळ्यात अवघड कृती, हिंदी सिनेमात दोनदा, एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांसमोर. पण राधाची गोळी ही राधाच्या गोष्टीचा शेवट आहे आणि शांताची गोळी ही रघूच्या गोष्टीचा शेवट आहे. नर्गिसला त्यासाठी बेस्ट ॲक्ट्रेस मिळालं. रीमांना सपोर्टिंगचं नॉमिनेशन मिळालं, चौथं, आणि चारातलं एकही लागलं नाही. अन्याय शोधायचाय ना? हा घ्या, जन्मतारखांमध्ये तो सापडणार नाही. आई गोळी घालून झाल्यावर तिच्या आत काय झालं हे लिहावं, त्यावर पिक्चर करावा असं कुणाला वाटलं नाही, तिथे सापडेल.

आता दुसऱ्या पार्टीकडे येतो, ती लाडकी आई वाली. तुमचं प्रेम कळतं मला, आमच्या घरीही तेच होतं. पण संस्कारी आई म्हणून हार घालताना तुम्ही त्यांनी केलेल्या बारीक कामावर एक जाडसर पांघरूण टाकताय. एकाच १९९९ सालात, एक-दीड महिन्याच्या अंतराने दोन पिक्चर आले. 'वास्तव'मध्ये मुंबईच्या चाळीतली आई, जी पोरगा गळ्यात सोन्याची चेन आणि कमरेला पिस्तूल लावून घरी येतो आणि कौतुकाने दाखवतो तेव्हा घाबरतेही, चिडतेही आणि आईच असल्यामुळे पूर्ण तोडूही शकत नाही. आणि 'हम साथ साथ हैं'मध्ये कैकेयीच्या वळणाची आई, मैत्रिणींच्या नादी लागून सावत्र मुलाला घराबाहेर काढणारी. या दोघींना एकाच गोड शब्दात बसवणार तुम्ही? आणि त्याआधी 'रंगीला'तली मिलीची आई बघा, अगदी शेजारच्या बिल्डिंगमधली वाटते, पोरगी सिनेमात जातेय म्हणून ना आकांत, ना आरती. निरुपा रॉयच्या काळापर्यंत हिंदी पिक्चरमधली आई बहुतेक दुःख सोसायला असायची, पांढरी साडी, खोकला, देवळाची घंटा. मी त्या बाईंना कमी लेखत नाहीये, त्यांना लिहून तेवढंच दिलं जायचं. रीमांनी आईला मुलाशी, मुलीशी नुसतं बोलायला शिकवलं. मुलाच्या प्रेमाची बातमी ऐकून हसणारी, नवऱ्याचं चुकतंय हे कळणारी, वादात बाजू घेणारी बाई. नव्वदच्या दशकात घरं बदलत होती, पोरं आईशी मैत्रिणीसारखी बोलायला लागली होती, आणि ते पडद्यावर पहिल्यांदा खरं वाटलं ते त्यांच्यामुळे असं माझं मत आहे. ही नटीची कमाई आहे, संस्कारांची नाही.

पण मी म्हटलं ना, खरा मुद्दा हिंदी सिनेमा नाहीच. नयन भडभडे नावाची ही मुलगी, आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत, नंतर युनियन बँकेत नोकरी आणि नोकरी सांभाळून नाटक. त्या पिढीतल्या कितीतरी मराठी नट-नट्यांचा हा रस्ता आहे, दिवसा बँक आणि संध्याकाळी तालीम. ऐंशीच्या दशकात त्यांनी जयवंत दळवींचं 'पुरुष' केलं, विजया मेहतांनी बसवलेलं. समोर गुलाबराव म्हणून नाना पाटेकर, आणि अंबिका रीमा. अंबिका म्हणजे कोण, तर एका माजलेल्या पुढाऱ्याने उद्ध्वस्त केलेली आणि न्याय मिळत नाही म्हटल्यावर स्वतःच त्याचा हिशोब चुकता करणारी शिक्षिका. १९८०च्या दशकात हा रोल, रोज समोर हजार माणसं, आणि नानासारखा आक्रमक नट समोर असताना त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभं राहणं. ती गोष्ट अंबिकाची होती, कुणाच्या आईची, बहिणीची, बायकोची नाही. मग 'सविता दामोदर परांजपे', जिथे एकाच बाईच्या शरीरात दुसरी बाई येते आणि हे सगळं कट नाही, मेकअप नाही, प्रेक्षकांच्या डोळ्यादेखत नुसत्या आवाजाने आणि अंगाने करायचंय. ज्या वर्षांमध्ये हिंदीवाले त्यांना आईचे दोन-चार सीन देऊ लागले त्याच्या आधीच ही बाई मराठी नाटकात पूर्ण अडीच-तीन तास एकटीच्या जोरावर ओढून नेत होती. सिनेमात 'सिंहासन', 'आक्रोश', 'कलयुग' हेही याच काळातलं, छोटी कामं पण कुठल्या दिग्दर्शकांबरोबर बघा, जब्बार पटेल, निहलानी, बेनेगल.

आणि टीव्ही. १९९४ हे साल घ्या, मला हे साल फार आवडतं. थिएटरमध्ये 'हम आपके हैं कौन' लागलाय, तिथे रीमा माधुरीची आई, आणि गंमत म्हणजे नवरा अनुपम खेर, तोच सारांशवाला. त्याच वर्षी घरी टीव्ही लावला की 'श्रीमान श्रीमती', तिथे त्या कोकी, केशव कुलकर्णीची बायको, जिच्यावर शेजारचा दिलरुबा लट्टू आहे! म्हणजे एकाच वेळी थिएटरात विहीणबाई आणि टीव्हीवर शेजाऱ्याच्या स्वप्नात येणारी बाई, आणि प्रेक्षकांना दोन्ही पटत होतं, एकालाही ती तरुण आहे की म्हातारी हा प्रश्न पडला नाही. नटीच्या ताकदीचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे? आणि त्याच सुमाराला 'तू तू मैं मैं' सुरू झालं, सचिन पिळगावकरने केलेलं, सुप्रिया सून आणि या सासू देवकी. मी शाळेत होतो, आमच्या आजीला हिंदी अर्धं कळायचं पण ती सिरियल तिला पूर्ण कळायची. सासू हा शब्दच बदलला हो त्यांनी. आपल्याकडे सासू म्हणजे ललिता पवार, एक डोळा बारीक, खाष्ट. ललिताबाईंवर तर केवढा आघात, १९४२ला शूटिंगमध्ये थप्पड फार जोरात बसली आणि डोळ्याला कायमची इजा, हिरॉईनचं करिअर संपलं, आणि त्यातून त्यांनी दुसरं अख्खं करिअर उभं केलं. देवकी त्या परंपरेतली होती पण माणूस होती, हरायची, रुसायची, सुनेला चिडवायची, मध्येच दोघी मिळून घरातल्या पुरुषांना गुंडाळायच्या. गोष्ट दोन बायकांची होती, नवरे तोंडी लावायला. नंतर २०००पासून ज्या सासवा आल्या, भरजरी साड्या आणि कट करणाऱ्या भुवया, त्या बघितल्या की देवकीची किंमत कळते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी स्वतःलाही विचारलाय. ठीक आहे, नाटक मोठं असेल, पण बघितलं किती जणांनी? देश तर तिला हिंदी पिक्चरमुळेच ओळखतो. आकड्यांनी हे बरोबर आहे. पण मला सांगा, आपण मराठी माणसं आपल्याच नटांना मोजताना मुंबईतल्याच हिंदीवाल्यांची फूटपट्टी का घेतो? हिंदीत मोठं झालं तर मोठं, नाही झालं तर वाया गेलं. नाटक म्हणजे जणू वेटिंग रूम आणि हिंदी पिक्चर म्हणजे ट्रेन. दुर्गा खोटेंनी १९३२ला 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती केली, पुढे 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई म्हणजे आईच केली, आणि म्हातारपणी त्यांच्याच कंपनीने 'वागले की दुनिया' काढली. त्यांचं मोजमाप नुसत्या जोधाबाईवर केलं तर कसं चालेल? स्मिता पाटील आणि रीमा 'आक्रोश'मध्ये दोघी आहेत. स्मिता ३१व्या वर्षी गेली आणि आपल्या डोक्यात कायम नायिका राहिली. रीमा ३१व्या वर्षी 'मैंने प्यार किया'ची आई झाल्या आणि आपल्या डोक्यात कायम आई राहिल्या. हे दोन्ही आपल्या डोक्याचे खेळ आहेत, त्या बायकांच्या कामाचे नाहीत.

हे सगळं आत्ता का सांगतोय, तर हे रीमांबरोबर संपलेलं नाही म्हणून. आजच्या मराठी मालिका लावा. पस्तिशीतल्या किती चांगल्या नट्या तिशीतल्या हिरॉईनची आई म्हणून सोफ्यावर बसवलेल्या दिसतात. त्यांच्याबद्दलही वजाबाकी सुरू होईल. पण लेखकाला कुणी विचारतं का, की बाबा या आईला दिवसभर काय वाटतं, तिला नोकरी आहे का, तिचं कुणाशी वाजलंय, तिला काय हवंय, एक एपिसोड तरी तिचा लिही? ती पस्तिशीची असो की साठीची, तिच्या वाट्याला चहाचा ट्रे आणि काळजीचा क्लोजअप याशिवाय काही येतं का? रीमांनी तर शेवटपर्यंत हे भांडण कामातून केलं. 'नामकरण'मध्ये दयावंती मेहता, कडक, खलनायकीकडे झुकणारी आजी, लाडक्या आईच्या इमेजला पार पुसून टाकणारी, आणि ती सिरियल चालू असतानाच त्या १८ मे २०१७ला गेल्या, साठीही पूर्ण न करता.

माझ्या मावशीने 'पुरुष' बघितलेलं, लग्नाआधी, मैत्रिणीबरोबर. मी तिला एकदा खोदून खोदून विचारलं की रीमा लागू कशा होत्या, नक्की काय करायच्या, मला तर ते कुठे बघायला मिळणार नाही. तिला संवाद आठवत नव्हते, सेट आठवत नव्हता. ती म्हणाली, नाटक सुटल्यावर आम्ही दोघी बसस्टॉपपर्यंत चालत आलो, बस आली, चढलो, आणि ती तिच्या स्टॉपला उतरेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. मग थोडं थांबून म्हणाली, पुढे त्या सलमानची आई झाल्या तेव्हा मी तुझ्या आजीला म्हटलं होतं, आई, ही बाई नुसती हसतेय म्हणून फसू नकोस.